धुण्यात डाग दिसला तर: पुरुषाच्या लघवीच्या जागेचा कर्करोग, ओळखायचा कसा आणि सांभाळायचा कसा

घरातल्या पुरुषाच्या लघवीच्या जागेवर काही बिघडलं, तर ते डॉक्टरच्या आधी धुणं धुणाऱ्या बाईला कळतं. मला तसंच कळलं. आमचे मालक ऊसवाहतुकीचा ट्रॅक्टर चालवतात. दिवाळीनंतर कारखान्यावर जातात, ते मार्च सरताना घरी येतात. त्या वर्षी आले, मी त्यांची कपड्यांची पिशवी हौदावर ओतली, तर सगळ्या चड्ड्यांवर पुढच्या बाजूला डाग. कडेला पिवळसर, मध्ये तांबूस, वाळून कडक झालेले. दोनदा साबण लावला, दगडावर घासलं, तरी वास जाईना. विचारलं तर म्हणाले, "बसून बसून घामानं चिघळलंय."

मी गावात आशा आहे. बीड जिल्ह्यातलं आमचं गाव, घरं साडेतीनशे. तिशीच्या पुढच्या माणसांचा सी-बॅक फॉर्म, म्हणजे आजाराचा धोका ओळखायची सरकारी प्रश्नावली, मी दारोदार जाऊन भरते. तोंडात चट्टा आहे का, स्तनात गाठ लागते का, पाळी नसताना अंगावर जातं का, हे सगळं विचारते. पुरुषाच्या त्या जागेबद्दल फॉर्ममध्ये प्रश्न नाही, आणि माझ्या तोंडूनही तो कधी निघाला नव्हता. माझ्याच घरातला माणूस पाच महिने ते लपवून होता. हे सगळं मी मालकांना विचारून लिहिते आहे. ते म्हणाले, "लिही, फक्त गावाचं नाव नको."

आधी बघा

लिंगाचा कर्करोग बहुतेक वेळा कातडीच्या वरच्या थरात सुरू होतो. शंभरातल्या ९५ जणांच्या आसपास हाच प्रकार असतो. रिपोर्टमध्ये त्याला 'स्क्वॅमस सेल कार्सिनोमा' असं लिहितात. जागा बहुतेक करून टोकाचा गोल भाग किंवा त्यावरची पुढची कातडी. म्हणजे हा रोग आत कुठेतरी दडलेला नसतो. डोळ्यांना दिसेल, बोटाला लागेल अशा जागी असतो. तरी माणसं महिनोन् महिने उशिरा येतात. एक कारण म्हणजे लाज. आणि दुसरं म्हणजे तो सुरुवातीला दुखत नाही. "दुखत नाही म्हणजे काही नाही" असं ज्याला वाटतं, त्याला हे वाक्य पुन्हा पुन्हा सांगा: न दुखणारी, न भरणारी जखम जास्त काळजीची.

बघायची वेळ म्हणजे अंघोळ. कोमट पाणी, दिवसाचा उजेड, घाई नको. पुढची कातडी हलक्या हाताने मागे घ्यायची आणि टोकाचा भाग, कातडीची आतली बाजू आणि दोन्हींमधली खाच चारी बाजूंनी बघायची. काय शोधायचं? एखादा फोड किंवा जखम. कोबीच्या गड्ड्यासारखी खडबडीत वाढ. मखमलीसारखा लाल चट्टा. पांढुरका, राठ झालेला पट्टा. कातडीची जाडी किंवा रंग बदललेला. कातडीखालून येणारा घाण वासाचा स्राव, किंवा रक्त.

कातडी मागे जातच नसेल तर जोर लावू नका. मागे ओढलेली कातडी तिथेच अडकली तर तासाभरात सूज चढते आणि तातडीने दवाखान्यात पळावं लागतं. अशा माणसाने वरूनच बोटांनी चाचपायचं. आत काही कडक लागतं का, स्राव येतो का, वास येतो का. आणि कातडी मागे जात नाही हेच डॉक्टरला दाखवायचं कारण आहे. मालकांची कातडी लग्नापासून पूर्ण मागे जात नव्हती. तो दोष असतो हे आम्हा दोघांनाही माहीत नव्हतं. पुढे साखर लागली, खाज सुटली, कातडी आणखी आवळत गेली, आणि तिच्या आत काय वाढतंय हे त्यांनाही दिसलं नाही.

लहान मुलांच्या आयांना इथेच एक सांगते. बाळाची कातडी जन्मतः चिकटलेलीच असते. ती हळूहळू आपोआप सुटते. तेल लावून मागे ओढू नका, त्याने चिरा पडतात आणि मग ती खरोखरच आवळते.

कोणाला होतो, आणि नवऱ्यावर संशय घ्यायचा का

पन्नाशी-साठीत जास्त दिसतो, पण चाळिशीच्या आतही होतो. न उघडणारी कातडी, आत साचणारा मळ आणि त्याने वर्षानुवर्षं राहणारी सूज हे मोठं कारण. तंबाखू हे दुसरं, ओढलेली असो वा चुन्याबरोबर मळलेली. तिसरं, तो पांढरा राठ चट्टा, ज्याला डॉक्टर 'लायकेन स्क्लेरोसस' म्हणतात. त्यावर उपचार होतो, आणि ज्यांना तो आहे त्यांनी नजर ठेवायला हवी. लहानपणी सुंता झालेल्यांत हा रोग फार कमी दिसतो. मोठेपणी केली तर तेवढं संरक्षण मिळत नाही, पण कातडी आवळलेली असेल तर ती काढल्याने जागा साफ ठेवता येते, नजरेसमोर राहते.

चौथं कारण एचपीव्ही नावाचा विषाणू. बायकांच्या गर्भाशयमुखाच्या कर्करोगाला कारण असलेला तोच. लिंगाच्या कर्करोगाच्या साधारण निम्म्या रोग्यांत तो सापडतो. तो शरीरसंबंधातून येतो, आणि इथेच घर मोडायची वेळ येते. आमच्याकडेही आली. "कारखान्यावर काय काय केलंस?" असं सासूबाईंनी भरल्या ताटावरून विचारलं, आणि खोटं कशाला बोलू, माझ्याही मनात तेच होतं. दोन रात्री मी झोपले नाही.

मग मी मलाच शिकवलेलं आठवलं. हा विषाणू इतका सरसकट आढळतो की संसार केलेल्या बहुतेकांना आयुष्यात कधी ना कधी लागून जातो. बहुतेकांच्या अंगातून आपोआप निघून जातो. थोड्यांत वर्षानुवर्षं मुक्काम करतो. कधी लागला, कोणाकडून कोणाला लागला, हे कोणताही डॉक्टर सांगू शकत नाही. आणि निम्म्या रोग्यांत तर तो नसतोच. त्यामुळे या रोगावरून माणसाची चालचलणूक ठरवायला जाऊ नका. 'गरमी झाली', 'परमा झाला' म्हणून गावात कुजबुज होते, ती ऐकून माणूस आणखी दडून बसतो, आणि तेवढा रोग वाढतो.

कर्करोग स्वतः हात लावल्याने, एका ताटात जेवल्याने, एका अंथरुणात झोपल्याने लागत नाही. पण बायकोने स्वतःच्या गर्भाशयमुखाची तपासणी करून घ्यावी. मी उपकेंद्रातच करून घेतली, दोन मिनिटांचं काम. मुलामुलींना एचपीव्हीची लसही देता येते. पुण्याच्या सीरम इन्स्टिट्यूटची सर्व्हाव्हॅक २०२३ पासून मिळते आणि ती ९ ते २६ वयाच्या मुली आणि मुलगे दोघांसाठी आहे.

डॉक्टरकडे काय बोलायचं

या जागेवरची प्रत्येक जखम कर्करोग नसते. साखरेच्या रोग्यांना बुरशीने लाल होतं, गुप्तरोगाचे फोड येतात, साधा जंतुसंसर्ग होतो. ही दुखणी औषधाने पंधरा दिवस ते तीन आठवड्यांत उतरतात. म्हणून माझा साधा हिशोब: तीन आठवड्यांत जखम भरली नाही, तर तिसरं मलम घ्यायचं नाही, तुकडा तपासायला द्यायचा.

मालकांकडे तीन ट्यूबा होत्या. एक कारखान्याजवळच्या मेडिकलमधून आणलेली. दुसरी टोळीतल्या कोणीतरी दिलेली. तिसरी तालुक्याच्या एका डॉक्टरने लिहून दिलेली. त्या डॉक्टरने खुर्चीतून न उठता विचारलं, खाज आहे का, साखर आहे का, आणि चिठ्ठी फाडली. पँट उतरवायला सांगितलीच नाही. मालकांनाही त्याचं बरंच वाटलं. मेडिकलवर मिळणाऱ्या त्या मिश्र मलमांनी वरची लाली उतरते, चार दिवस हायसं वाटतं, आणि आतलं वाढत राहतं.

म्हणून दवाखान्यात जाताना एक वाक्य घरून पाठ करून जा: "डॉक्टर, लघवीच्या जागेवर जखम आहे, इतके आठवडे झाले, भरत नाही. पडद्यामागे घेऊन बघा, आणि जांघाही बघा." पुरुषाला बोलवत नसेल तर बायकोने बोलावं. मीच बोलले. सर्जनकडे किंवा मूत्ररोगतज्ज्ञाकडे जा. जिल्हा रुग्णालयात सर्जन असतात, केसपेपर काढून थेट जाता येतं.

तुकडा काढण्याची, म्हणजे बायोप्सीची, भीती घालणारे पुष्कळ भेटतील. "सुरी लागली की पसरतो" असं आमच्या धाकट्या भाऊजींनीही सांगितलं. तसं नसतं. जागा बधिर करून छोटा तुकडा घेतात, एखाद-दुसरा टाका पडतो, त्याच दिवशी घरी सोडतात. तुकड्याशिवाय कर्करोग आहे की नाही हे कळत नाही आणि कोणी शहाणा डॉक्टर त्याशिवाय अवयवाला हात लावत नाही. कातडी उघडत नसेल तर आधी ती वरून कापून मोकळी करतात आणि मग आतला तुकडा घेतात.

रिपोर्ट आला की तो पिशवीत कोंबून ठेवू नका, समजून घ्या. मी वहीत तीन गोष्टी लिहून घेतल्या होत्या. पहिली, ग्रेड. १ म्हणजे सावकाश वाढणारा, ३ म्हणजे तापट. दुसरी, टी. रोग किती खोल गेला ते. फक्त कातडीत आहे, की आतल्या स्पंजासारख्या भागात, की त्याच्याही पुढे. तिसरी, नसांत किंवा रसवाहिन्यांत पेशी शिरल्या आहेत का. या तिन्हींवरून पुढे जांघेचं काय करायचं ते ठरतं. कधी एमआरआय करतात, जांघांची सोनोग्राफी करतात, गाठ लागली तर सुईने तिच्यातल्या पेशी काढून तपासतात, आणि पोटाचं सीटी स्कॅन.

किती काढतील?

मालकांनी महिनाभरात विचारलेला हा एकच प्रश्न. उत्तर असं, की लवकर आलात तर थोडं.

रोग वरच्या थरातच असेल तर काहींना नुसतं मलम पुरतं. ते मेडिकलवरचं नव्हे, कर्करोगाचं, डॉक्टरच्या देखरेखीखाली लावायचं. पुढच्या कातडीवरच असेल तर सुंता करून काम होतं. टोकावर लहान असेल तर तेवढीच जागा कापून किंवा लेझरने काढतात, किंवा टोकाचा गोल भाग काढून त्यावर मांडीची कातडी बसवतात. ४ सेंटीमीटरपेक्षा लहान गाठीला काही ठिकाणी सुया बसवून आतून किरणोपचार देतात, ज्याला आपल्याकडे 'लाईट' म्हणतात. त्यात अवयव राहतो. पुढे गेलेला असेल तर लिंगाचा काही भाग काढावा लागतो. मुळापर्यंत गेलेला असेल तर पूर्ण, आणि मग लघवीची वाट अंडकोशाच्या मागे नवीन करून देतात.

पूर्वी रोगाच्या पुढचा निरोगी भागही २ सेंटीमीटर कापायचे. आता रोगाच्या पुढे काही मिलिमीटर निरोगी कड मिळाली तरी पुरते, हे सिद्ध झालेलं आहे. म्हणून जिथे हे ऑपरेशन नेहमी होतं अशा ठिकाणी जा. परळचं टाटा आहे, बार्शीचं नर्गिस दत्त कर्करोग रुग्णालय आहे. आपल्या जवळ कोणतं कर्करोग केंद्र आहे ते आशाताईला विचारा. ऑपरेशनच्या आधी डॉक्टरला विचारा: किती राहील? उभ्याने लघवी होईल का? अवयव वाचवणारा दुसरा उपाय आमच्या बाबतीत चालतो का? जांघेचं काय ठरवलंय? तंबाखू तर त्या दिवसापासूनच बंद, कारण तंबाखूच्या माणसाची जखम लवकर भरत नाही. सोडायला मदत हवी तर १८००-११-२३५६ हा सरकारी फुकट नंबर आहे.

जांघ

या रोगात माणसाचा जीव कशावर अवलंबून असतो? लिंगावरच्या गाठीपेक्षा जांघेतल्या गाठींवर. हे मला कोणी आधी सांगितलं असतं तर बरं झालं असतं, म्हणून सगळ्यात जास्त जागा मी यालाच देते आहे.

रोग तिथून पसरायला निघाला की सहसा आधी जांघांतल्या रसग्रंथींत (लिम्फ नोडमध्ये) येतो, तिथून ओटीपोटातल्या ग्रंथींत, आणि मग लांब. जांघेत पोचलेला नसेल तर दहातले नऊच्या आसपास रोगी पाच वर्षांनंतरही आपल्यात असतात. एखाद-दुसऱ्या गाठीत असून ती वेळेत काढली तरी पुष्कळ जण बरे होतात. ओटीपोटात गेला की मात्र ही संख्या फार खाली येते. आणि अवघड गोष्ट अशी, की जांघ चाचपून काहीच लागत नाही अशा पाचातल्या साधारण एकाच्या जांघेत रोगाच्या बारीक पेशी आधीच बसलेल्या असतात. सोनोग्राफीतही त्या दिसतीलच असं नाही.

त्यामुळे रोग वरवरचा आणि ग्रेड कमी असेल तर डॉक्टर लक्ष ठेवतात. खोल किंवा तापट असेल तर गाठ लागो न लागो, जांघेची शस्त्रक्रिया सुचवतात. काही मोठ्या दवाखान्यांत रंग आणि किरणोत्सर्गी औषध टोचून रोग ज्या ग्रंथीत पहिल्यांदा जाईल तेवढीच काढून तपासतात. नाहीतर जांघेतल्या ग्रंथींचा जथाच काढतात.

मालकांचं पहिलं ऑपरेशन मेमध्ये झालं. काही भाग काढला, काही राहिला. टाके वाळले, माणूस हिंडूफिरू लागला. जूनमध्ये जांघेसाठी परत बोलावलं होतं. पाऊस पडला होता, वाफसा आलेला. मालक म्हणाले, "रोग तर काढला, आता कापसाची लागण होऊ दे, दिवाळीला बघू." जांघेत मला तर काही लागत नव्हतं. शेजारचे म्हणत होते, बरं झालेल्या माणसाला परत कशाला कापायला नेता. मी वही उघडली. ग्रेड २, खोली स्पंजापर्यंत. लागण माझ्या भावाने केली, आम्ही दवाखान्यात. उजव्या जांघेतल्या एका गाठीत रोग निघाला. गाठीच्या कवचाबाहेर पडला नव्हता, म्हणून केमो किंवा लाईट लागली नाही. दिवाळीपर्यंत थांबलो असतो तर तो कवच फोडून वर गेला असता की नाही, हे मी नाही सांगू शकत. पण तुम्ही थांबू नका.

जांघेत गाठ आधीच मोठी झालेली असेल, तर ऑपरेशनच्या आधी तीन औषधांचं केमो देतात, साधारण चार वेळा. केमोच्या दिवसांत ताप १००.४ च्या वर गेला तर सकाळची वाट बघायची नाही, रात्रीच दवाखाना गाठायचा.

घरी आणल्यावर

लघवीची नळी साधारण आठवडा-दोन आठवडे असते. पिशवी कायम कमरेच्या खाली, पण जमिनीवर नाही. आम्ही खाटेच्या माचव्याला दोरीने टांगली होती. नळी मांडीला चिकटपट्टीने बसवा, म्हणजे कूस बदलताना ओढ बसत नाही. पाणी भरपूर प्यायला द्या, आणि शौचाला कुंथावं लागू नये म्हणून जेवणात पालेभाजी, ताक. रात्री झोपेत ताठरता येऊन टाक्यांवर ताण पडतो आणि दुखतं. हे पुरुष सांगत नाहीत. डॉक्टरला सांगा, त्यावर औषध असतं.

जांघेच्या ऑपरेशनला नाजूक राहणं जास्त. दोन्ही बाजूंना पाणी काढणारी नळी असते. मी रोज सकाळी सहाला खोकल्याच्या औषधाच्या झाकणाने पाणी मोजायची, आणि भिंतीवरच्या कॅलेंडरवर तारखेच्या चौकटीत लिहायची: उ. ९०, डा. ७०. रंगही लिहायची, कारण लालसरवरून पिवळं होत जाणं हे चांगलं लक्षण. २४ तासांत ३० ते ५० मिलीच्या खाली आलं की डॉक्टर नळी काढतात. ती काढायची घाई करू नका, मागे पाणी साठून राहतं. जांघेची कातडी पातळ होते, तिच्या कडा काळ्या पडू शकतात, जखम उलू शकते. मालकांची डावीकडची उलली. घाबरून मी रडले, पण रोजच्या ड्रेसिंगने सहा आठवड्यांत खालून भरून आली. हळद, राख, कसला पाला, काही लावू नका. पू, वास, ताप, कडेची लाली पसरत जाणं दिसलं तर दाखवायला न्या. एकच पाय अचानक सुजून दुखायला लागला किंवा धाप लागली तर त्याच क्षणी न्या. ती रक्ताची गुठळी असू शकते.

जांघेतल्या ग्रंथी गेल्यावर पायातला रस नीट वर चढत नाही, पाय जड होतात, सुजतात. शेतकऱ्याला हे आयुष्यभर सांभाळायचं आहे. अनवाणी शेतात जायचं नाही. काटा, खरचटणं, नखाचा कोपरा, काहीही झालं तर साबणाने धुऊन लगेच औषध लावायचं. झोपताना पायाखाली दोन उशा. दाबाचे मोजे डॉक्टरच्या मापाने घ्यायचे आणि सकाळी अंथरुणातून उठायच्या आधी चढवायचे. पाय लाल होऊन ताप आला तर तो जंतुसंसर्ग असतो, दवाखान्यात न्या.

लघवीचं सांगते. काही भाग राहिला असेल तर बहुतेकांना उभ्याने जमतं, पण सुरुवातीला धार फुटते, पँटवर शिंतोडे उडतात. त्यानेच माणूस घराबाहेर पडायचं सोडतो. मी डिझेल ओतायच्या नरसाळ्यासारखं एक छोटं प्लास्टिकचं नरसाळं बाजारातून आणलं आणि त्याचं तोंड गॅसवर जरा शेकून गुळगुळीत केलं. ते टेकवून धरलं की धार सरळ जाते. धुऊन पिशवीत घालून ते ट्रॅक्टरच्या पेटीत असतं. नवीन वाट मागे केलेली असेल तर बसून करायचं, नंतर पाण्याने धुऊन पुसून कोरडं करायचं. धार दिवसेंदिवस बारीक होत गेली, कुंथावं लागलं, तर तोंड आवळतंय असं समजा. ते रुंद करता येतं, पण लवकर गेलं पाहिजे.

आणि नवराबायकोचं. अंडकोश जागेवर असतात, म्हणून आवाज, दाढी, ताकद, इच्छा यांत फरक पडत नाही. काही भाग राहिलेल्या कित्येकांना पुढे संबंध ठेवता येतो. जखम पूर्ण भरल्यावर, डॉक्टरने हो म्हटल्यावर. पूर्ण काढलेल्यांनाही स्पर्शाचं सुख असतं. पण हे सगळं नंतरचं. आधी काही महिने मालक भिंतीकडे तोंड करून झोपायचे. "मी आता काय कामाचा" असं एकदाच म्हणाले, अंधारात. मी काही बोलले नाही, त्यांच्या पाठीवर हात ठेवला आणि तो तसाच ठेवून झोपले. रोज ठेवत गेले. बोलायला वेळ लागला. तुमच्या माणसाने जेवण सोडलं, मरणाची भाषा केली, तर ते मनाला लावून घेणं नुसतं नसतं. १४४१६ हा टेलिमानसचा, म्हणजे मनाच्या त्रासासाठीचा, सरकारी नंबर आहे, मराठीत बोलतात, पैसे लागत नाहीत.

कागद आणि तारखा

महात्मा फुले जन आरोग्य योजनेत कुटुंबाला वर्षाला ५ लाखांपर्यंत उपचार मिळतात, कर्करोगाचेही. पैसे आधी भरून मागून मिळत नाहीत, म्हणून भरती व्हायच्या आधीच दवाखान्यातल्या आरोग्यमित्राला, म्हणजे योजनेच्या माणसाला, भेटा. रेशन कार्ड, आधार कार्ड, तुकड्याचा रिपोर्ट, आणि सगळ्याच्या तीन-तीन झेरॉक्स. रेशन कार्डावर आणि आधारावर नाव एकसारखं आहे का ते घरीच बघा. आमच्या कार्डावर मालकांच्या वडिलांचं नाव चुकलेलं होतं, त्यात चार दिवस गेले. एसटीत आणि रेल्वेत कर्करोगाच्या रोग्याला सवलत आहे, दवाखान्याचं प्रमाणपत्र मागून घ्या. टाटाला जाणाऱ्यांना दादरच्या गाडगे महाराज धर्मशाळेत राहता येतं, जागा मिळेपर्यंत थोडं थांबावं लागतं.

तपासणी पहिली दोन वर्षं दर तीन महिन्यांनी, नंतर पाच वर्षं पुरी होईपर्यंत दर सहा महिन्यांनी. रोग परत यायचा तर बहुतेक पहिल्या दोन वर्षांत येतो. मधल्या काळात मालक दर महिन्याच्या १ तारखेला अंघोळीत जागा बघतात, दोन्ही जांघा चाचपतात, आणि बाहेर येऊन मला म्हणतात, "काही नाही." मी कॅलेंडरवर बरोबरची खूण करते. आतापर्यंत १९ खुणा झाल्या.

सी-बॅकचा फॉर्म भरून झाला की मी आता पेन मिटवते आणि घरच्या बाईला एक प्रश्न फॉर्मबाहेरचा विचारते: "धुण्यात काही डाग दिसतो का, मामांच्या?" बहुतेक जणी पदर तोंडाला लावून हसतात, नाही म्हणतात. गेल्या सोमवारी एक मामी हसल्या नाहीत. ज्वारी पाखडत होत्या, सूप खाली ठेवलं, आतल्या खोलीकडे बघितलं आणि हळूच म्हणाल्या, "दिवाळीपासून." उद्या सकाळच्या नऊच्या गाडीने आम्ही तिघं बीडला जातो आहोत.